बिनवासाची प्लेट

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला वळसा घालून गेलं की जंतूंची प्रयोगशाळा लागायची. तिथल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञाला सगळे घ्राणाचार्य म्हणत. तोंडावर नुसतं आचार्य, पाठीमागे नाकवाले. दोन्ही नावं त्यांच्या कानावर होती, आणि खरं सांगायचं तर दोन्ही त्यांना आवडायची.

नाव पडायचं कारण साधं होतं. रुग्णाच्या रक्तातले, लघवीतले, जखमेतले जंतू चपट्या, झाकणाच्या प्लेटमध्ये वाढवतात. एक-दोन दिवसांत पोषक थरावर बारीक ठिपके उगवतात. मग हा ठिपका नेमका कोण, हे शोधायला त्याला रंग द्यायचा, नळ्यांमध्ये चाचण्या लावायच्या, शेवटी मशीनच्या तोंडी द्यायचा. आचार्य यातलं काहीही करण्याआधी झाकण जरासं तिरकं करायचे, प्लेट नाकाखालून संथपणे न्यायचे आणि डोळे मिटून निकाल द्यायचे. हा द्राक्षाच्या वासाचा. हा जळक्या चॉकलेटचा. हा उंदराच्या पिंजऱ्याचा. दहापैकी नऊ वेळा बरोबर यायचं. दहाव्या वेळी नमुनाच नीट घेतलेला नसायचा.

यातली गंमत अशी की प्रयोगशाळेचे सुरक्षा अधिकारीही आचार्यच होते. दारामागे लावलेली नियमावली त्यांच्याच ठसठशीत अक्षरात होती, आणि चौथा नियम होता, 'प्लेट हुंगू नये'. खाली दोन रेघा. कोणी भीत भीत विचारलंच, तर ते म्हणायचे, "अहो, तो नियम ज्यांना वास कळत नाही त्यांच्यासाठी." लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण एखाद्या सुरक्षा अधिकाऱ्यावरूनच पडली असणार, असं पुढे ते स्वतःच सांगायला लागले. पण ते पुढे.

त्या वर्षी एक नवीन तंत्रज्ञ बाई रुजू झाल्या. नवीन म्हणजे इथे नवीन. दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात दहा वर्षं हेच काम करून आलेल्या. बोलणं मोजकं, टेबल आरशासारखं. पहिल्याच आठवड्यात आचार्यांनी मोठ्या मायेने एक प्लेट त्यांच्यापुढे धरली. "हुंगा बघू. काय आठवतं?"

"नको सर," बाई म्हणाल्या. "माझं नाक मी फक्त श्वास घ्यायला ठेवलंय."

सगळे हसले. आचार्यही हसले, पण तो नकार दिवसभर त्यांना सलत राहिला. सव्वीस वर्षांत त्यांचा प्रसाद कुणी असा परत केला नव्हता.

दोन महिन्यांनी ती बाटली आली. बाटली म्हणजे रुग्णाचं रक्त घालून उबवायला ठेवलेली, आत काही वाढलं की मशीन दिवा लावून सांगते. या बाटलीचा दिवा चौथ्या दिवशी लागला. सोबतच्या कागदावर वॉर्डातल्या डॉक्टरांनी एवढंच खरडलं होतं: ताप, तीन आठवडे. रुग्ण कोण, काय करतो, कुठे वावरतो, काही नाही. आचार्यांनी थेंबाला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर फिक्कट, अगदी बारीक कण, कुणी चिमूटभर वाळू भुरभुरल्यासारखे. प्लेटवर लावलं, तर पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, तेही प्लेट उजेडात तिरकी धरली तर.

खरं तर इथेच हात थांबायला हवा होता. उशिरा उगवणारा, बारीक, रक्तातून आलेला आणि ओळख न पटलेला जंतू उघड्या टेबलावर हाताळायचा नाही, हे आचार्य दर वर्षी प्रशिक्षणात सांगायचे. सांगताना बोटही उगारायचे. पण आपल्या नाकाला न ओळखता येणारा पाहुणा दारात उभा आहे म्हटल्यावर त्यांना राहवेना.

"या इकडे," त्यांनी बाईंना हाक मारली. "शिकण्यासारखं आहे."

बाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. आचार्यांनी झाकण तिरकं केलं, डोळे मिटले. काहीच नाही. प्लेट आणखी जवळ घेतली. तरीही नाही.

"सर, झाकण लावा," बाई म्हणाल्या. "ही प्लेट कॅबिनेटमध्ये बघू या."

कॅबिनेट म्हणजे कोपऱ्यातलं मोठं कपाट. समोर काच, हात घालायला फट, आणि आतली हवा ओढून गाळून सोडणारा पंखा. आचार्यांच्या मते ते क्षयाच्या नमुन्यांसाठी होतं आणि नवख्यांसाठी.

"इतकं काही नाही हो. मशीनला विचारू."

मशीनला विचारलं. मशीनने माती-पाण्यात सापडणाऱ्या एका निरुपद्रवी जंतूचं नाव छापून दिलं, पुढे टक्के चौऱ्याण्णव. आचार्यांनी तो कागद बाईंच्या पुढ्यात ठेवला, अगदी हळूच, म्हणजे जास्त लागावा म्हणून.

"मशीनच्या यादीत जे नाव नसतं, ते मशीन सांगत नाही, सर," बाई म्हणाल्या. "ते जवळपासचं कुणीतरी धरून आणतं. दोन दिवसांत एवढासा वाढलाय. मला एक युरियाची नळी लावू द्या. कॅबिनेटमध्ये."

"लावा," आचार्य उदारपणे म्हणाले. बाई नळी आणायला वळल्या, तेवढ्यात त्यांनी पुन्हा एकदा हुंगून घेतलं. वास नाही म्हणजे काय? हा सरळसरळ अपमान होता.

बाईंनी प्लेट त्यांच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतली. कॅबिनेटचा पंखा सुरू केला, दुहेरी हातमोजे चढवले, मास्क घट्ट केला आणि आत हात घालून नळी लावली. जंतूने युरिया फोडला की ही नळी गुलाबी होते; साधारणपणे त्याला कित्येक तास लागतात, आणि बहुतेक जंतूंना तर ते जमतच नाही. ही नळी दहा मिनिटांत गुलाबी झाली. बाईंनी ती काचेतून आचार्यांना दाखवली. मग हातमोजे काढले, हात धुतले आणि वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, बेड नंबर बारा. ते काम काय करतात हो?" थोडा वेळ थांबल्या. "जनावरांचे डॉक्टर? बरं. त्यांना एक विचाराल? गेल्या दोनेक महिन्यांत एखादी गाय किंवा शेळी गाभडली, गर्भ पडला, तिथे ते होते का? हो, थांबते मी."

 फरशी पुसणाऱ्या मावशीसुद्धा फडकं तसंच धरून उभ्या राहिल्या.

"अच्छा. हातमोजे न घालता. बरं, सिस्टर. तुमच्या डॉक्टरांना लगेच आम्हाला फोन करायला सांगा."

रिसीव्हर ठेवून त्या वळल्या. "ब्रुसेला असावा, सर."

आचार्यांना ते नाव चांगलंच ठाऊक होतं. जनावरांकडून माणसाला होणारा ताप. महिनोन् महिने येतो-जातो, सांधे धरतो, माणसाला पिळून काढतो. त्यांच्या प्रशिक्षण-पुस्तिकेच्या अकराव्या पानावर तो होता आणि खाली त्यांनीच लिहिलेलं वाक्य होतं, 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांना याची लागण मुख्यतः प्लेट हुंगल्यामुळे होते'. वीस वर्षं ते वाक्य वाचून दाखवताना त्यांच्या डोळ्यांसमोर कुणीतरी दुसराच बावळट माणूस असायचा. आज त्याला चेहरा मिळाला, आणि तो चेहरा ते रोज दाढी करताना बघत होते.

पुढचं सगळं बाईंनी केलं. प्लेटांना टेप लावली, पिशवीत बंद केल्या, सगळ्यांना बाहेर काढलं, दारावर पाटी लावली. आचार्य व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. थोड्या वेळाने विभागप्रमुख मॅडमनी निरोप पाठवला: अपघाताचा फॉर्म भरून आणा.

तो फॉर्म आचार्यांनीच तयार केला होता. आपण किती सखोल विचार करतो याचा त्यांना अभिमान होता, म्हणून त्यात बावीस प्रश्न होते. सातवा प्रश्न: 'प्लेट हुंगली होती काय? होय/नाही. होय असल्यास किती वेळा?' हा प्रश्न घालताना मॅडम म्हणाल्या होत्या, इतकं कोण करतं? आणि आचार्य म्हणाले होते, लोक काय, काहीही करतात.

पेन सातव्या प्रश्नावर थांबलं. 'नाही' लिहिलं तर काय होईल, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआपच सुरू झाला. झाकण क्षणभर उघडलं होतं, एवढंच. कुणाला गोळ्या नकोत, कुणाची चौकशी नको. सव्वीस वर्षांचं नाक शाबूत. बाईंनी दोनदा बघितलं होतं खरं, पण बाई चुगली करणाऱ्यांतल्या वाटत नव्हत्या.

तेवढ्यात त्याच बाई बाकावर येऊन बसल्या. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"सर, एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, पण हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवलेले. "मला तिसरा महिना आहे. इथे कुणाला माहीत नाही. घरीही फक्त नवऱ्याला."

आचार्यांनी फॉर्म मांडीवर पालथा केला.

"या जंतूने गाय गाभडते. बाईचंही तसं होऊ शकतं. मी तुमच्यापासून हातभर अंतरावर होते. नुसतं झाकण उघडलं असेल तर माझी डॉक्टर एक सांगेल, हुंगलं असेल तर दुसरं. तुम्ही फॉर्मवर लिहाल ते बघून ती ठरवणार. म्हणून म्हटलं, नीट लिहा."

त्या उठून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं आचार्यांना वाटलं. त्यांनी लिहिलं, 'होय'. पुढच्या रेघेवर, तेवढ्याच ठसठशीत अक्षरात, 'तीन वेळा'.

मॅडमनी फॉर्म दोनदा वाचला. चष्मा काढला.

"तीन?"

"पहिल्या दोन वेळा वास आला नाही."

"आणि आला असता तर?"

"तर एकदाच," आचार्य म्हणाले, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांना ऐकू आलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी यादी केली: आचार्य, बाई, आणि पलीकडच्या टेबलावरचे एक जण. मावशी दाराशी होत्या, त्यांच्या फक्त तपासण्या. मग त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून सुरक्षेचं काम काढून घेते आहे. वाईट वाटून घेऊ नका."

"वाटून घेतो," आचार्य म्हणाले. "तेवढं तरी घेऊ द्या."

आठवड्याभरात मोठ्या प्रयोगशाळेकडून उत्तर आलं: ब्रुसेलाच. तोवर गोळ्या सुरू झाल्या होत्या. एक औषध दिवसातून दोनदा, दुसरं एकदा, तीन आठवडे. शिवाय चोवीस आठवडे रोज ताप मोजायचा आणि ठरावीक अंतराने रक्त द्यायचं. बाईंना त्यांच्या डॉक्टरांनी विचार करून त्यातलं एकदा घ्यायचं औषध तेवढं दिलं, दोनदा घ्यायचं पोटातल्या बाळाला चालणारं नव्हतं.

घरी बायकोला सांगणं हे वेगळंच प्रकरण होतं. बायको घरीच शिवणकाम करायची. तिने सगळं ऐकून घेतलं, सुई न थांबवता.

"म्हणजे रोगाचा वास घेतलात."

"वास नव्हता त्याला."

"मग काय घेतलंत?"

 बायकोने मापांच्या वहीत त्यांच्या नावाचं पान काढलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर तोंडात खुपसून आकडा लिहायला सुरुवात केली. मागच्या पानावर कुणाची छाती, पुढच्या पानावर कुणाची कंबर, मध्ये आचार्यांचा ताप.

दिवसातून एकदा घ्यायच्या औषधाने लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी, सगळं नारिंगी होतं. हेही त्यांना माहीत होतं. तरी पहिल्या सकाळी ते न्हाणीघरातून असे बाहेर आले की बायकोचा हात मशीनवर थांबला. आठवड्याभरात सगळे बनियन गळ्याशी नारिंगी झाले. दोरीवर वाळत घालताना बायको म्हणाली, "आता नुसती दाढी वाढवायची राहिली. शिष्य काय, येतील आपोआप."

आचार्य हसले, पण त्यांचं लक्ष दुसऱ्याच मोजणीत असायचं. आज बाईंचा चौदावा आठवडा. आज पंधरावा. प्रयोगशाळेत ते बाईंना खुर्ची आणून द्यायचे, जड पेटी दिसली की धावायचे, पंख्याखालची जागा सोडायचे. शेवटी एक दिवस बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही दिवसातून सहा वेळा खुर्ची आणता. सगळ्यांना कळायला लागलंय. खरंच काही करायचं असेल तर कॅबिनेटवर काम करायला शिका. सातव्या महिन्यानंतर मी तासन् तास तिथे बसणार नाही."

चोपन्नाव्या वर्षी आचार्य शाळेत गेले. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवरून हवा आत ओढली जाते, त्या जाळीवर हात टेकायचा नाही. आचार्य कोपर टेकायचे. आत हात हळू, सरळ न्यायचे; आचार्य आमटीत पळी घालावी तसे न्यायचे. "हवा तोडताय, सर," बाई मागून म्हणायच्या. दिवसात वीस वेळा. एकदा काचेला नाक आपटलं तेव्हा मात्र त्या काही बोलल्या नाहीत, फक्त वळून कपाटात काहीतरी शोधत राहिल्या, आणि त्यांचे खांदे हलत होते.

जनावरांचे डॉक्टर बरे होऊन एकदा प्रयोगशाळेत आले. आपला ताप कुणी ओळखला ते बघायचं होतं. वाळून गेलेले, पण डोळ्यांत मिश्कीलपणा. बाईंचे आभार मानून झाल्यावर ते दारातच आचार्यांजवळ रेंगाळले.

"हातमोजे गाडीत होते," ते म्हणाले. "गाडी वीस पावलांवर. गावोगाव सांगत फिरतो मी, हातमोजे घाला म्हणून. वाटलं, आता कोण जाणार. गाय ओळखीची होती."

"जंतू अनोळखी होता," आचार्य म्हणाले. "तरी मी गेलो."

 मग डॉक्टरांनी विचारलं, "तुमचेही बनियन गेले?" आणि आचार्यांना बऱ्याच दिवसांनी पोटातून हसू आलं.

ताप मोजायला लागल्यापासून अकराव्या आठवड्यात एका सकाळी बायकोने थर्मामीटर बघितलं, पुन्हा झटकून लावलं, आणि वहीत लाल पेन्सिलने लिहिलं: एकशे एक. अंग दुखत होतं. आचार्यांनी रक्त दिलं. निकालाला दोन दिवस होते, आणि ते दोन दिवस त्यांची कल्पनाशक्ती फार राबली. आपल्यावर वैद्यकीय मासिकात लेख येईल, याची त्यांना खात्रीच पटली. सुरुवात कशी असेल तेही डोक्यात तयार झालं: 'वय चोपन्न, पुरुष, तंत्रज्ञ, वारंवार हुंगण्याचा इतिहास'. नाव देणार नाहीत, पण कळायचं त्याला कळेल.

हे चाळे चालू असले तरी एक गोष्ट त्यांना टाळता येत नव्हती. त्यांना झालं असेल, तर बाईंनाही झालं असू शकतं. सांगायला हवं होतं. बाई कॅबिनेटसमोर बसल्या होत्या, पोट आता कोटातूनही दिसायला लागलेलं.

"मला ताप आलाय," आचार्य म्हणाले. "सकाळी रक्त दिलं. तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून."

बाईंनी आतलं काम पूर्ण केलं. हात बाहेर काढले, धुतले. मग खुर्चीवर टेकल्या.

"मला नाहीये ताप," त्या म्हणाल्या. "रोज बघते. रात्री उठूनसुद्धा बघते." मग म्हणाल्या, "मी तेव्हाच तुमच्या हातातून प्लेट घ्यायला हवी होती. पहिल्यांदाच. तुम्ही मोठे म्हणून घेतली नाही."

"चूक माझी आहे, बाई. त्यातला वाटा मागू नका."

त्या पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून हसल्या, अगदी थोडं. त्यांनीही त्याच दिवशी रक्त दिलं.

दोन्ही निकाल सोबतच आले, दोन्ही चांगले. आचार्यांना झालं होतं ते साधं पडसं. लेख लिहिण्याजोगं काही नव्हतं. बायकोने लाल आकड्यापुढे कंसात लिहिलं, 'सर्दी', आणि आल्यागेल्याला सांगितलं की यांना दोन दिवस मरायचं होतं, पण जमलं नाही.

चोवीस आठवडे संपले. शेवटचं रक्तही स्वच्छ निघालं. बाई रजेवर जाताना आचार्यांच्या हाती कॅबिनेटची चावी आणि एक कागद देऊन गेल्या. कागदावर त्यांच्या चुकांची यादी होती, क्रमाने, आणि शेवटच्या दोन ओळी खोडलेल्या, म्हणजे तेवढ्या सुधारल्या होत्या.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका सकाळी अशीच एक उशिरा उगवलेली प्लेट आली. आचार्यांनी ती थेट कॅबिनेटमध्ये नेली. दुहेरी हातमोजे, मास्क, कोपर जाळीपासून दूर. नळी लावत असतानाच बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. मावशींनी उचलला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आचार्य, आपल्या बाईंच्या घरून फोन आहे. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. येताय का बोलायला?"

"वजन किती म्हणतात?" आचार्यांनी वळून न बघता विचारलं.

मावशी जाऊन आल्या. "तीन किलोला थोडं कमी. आणि खूप रडते म्हणे."

"रडू दे," आचार्य म्हणाले. डोळे भरून आले होते, पण हात आत होते आणि नळी अर्धवट लागलेली. "त्यांना सांगा, काम संपलं की मी फोन करतो. वीस मिनिटं लागतील."

आणि त्यांनी वीस मिनिटं पूर्ण घेतली.